पाच मिनिटांची नशा, चोवीस आठवड्यांचे उपचार: क्रॅकच्या व्यसनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या बे एरियातलं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातलं आहे. नावं बदलली आहेत, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. माझा संबंध आला तो समुपदेशक म्हणून, तोही रुग्णाशी नव्हे, त्याच्या बहिणीशी.

सुहास ४१ वर्षांचा. सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा धाकटा मुलगा. मुंबईत हॉटेल मॅनेजमेंट केलं, काही वर्षं क्रूझवर काढली, लग्न झालं आणि ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत आला. पुढे लग्न मोडलं. मुलगी नऊ वर्षांची, आईकडे राहते. सुहास एका रेस्टॉरंटमध्ये सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा शेफ होता. मोठी बहीण नीता त्याच्यापासून वीस मिनिटांवर राहते आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते.

किचनची शिफ्ट रात्री साडेअकराला संपते. पाच तास भट्टीसमोर पळापळ केलेल्या माणसाला घरी जाऊन झोप येत नाही, म्हणून सगळे बारमध्ये बसतात. तिथे बिअरच्या जोडीला कोकेनची पावडर आली. तीन-चार वर्षं ती नाकावाटेच चालली, "फक्त शनिवारी" या बोलीवर. मग एका सहकाऱ्याने क्रॅक दाखवलं.

पावडर आणि क्रॅक हे मुळात एकच द्रव्य, फरक ते शरीरात कसं जातं याचा. पावडर हा कोकेनचा क्षार, तो तापवला तर वाफ होण्याआधीच बराचसा नासतो. खाण्याचा सोडा आणि पाणी घालून गरम केला की त्याचे कडक खडे होतात, आणि हे खडे कमी तापमानाला वाफ देतात. वाफ फुप्फुसात, तिथून रक्तात, आणि साधारण दहा सेकंदांत मेंदूत. नाकातून घेतलेल्या पावडरीची नशा पंधरा मिनिटं ते अर्धा तास टिकते, क्रॅकची पाच ते दहा मिनिटं. डोपामाइन नावाचं रसायन मेंदूच्या पेशी एरवी परत शोषून घेतात, कोकेन ती वाट अडवतं. नशा उतरते तेव्हा माणूस होता त्याहून खाली आपटतो, आणि वर यायचा सोपा मार्ग म्हणजे पुढचा खडा. म्हणून क्रॅक घेणारा बहुधा एका खड्यावर थांबत नाही. पैसे संपले की थांबतो.

आपल्या लोकांत एक अडचण आणखी असते. १९८६ च्या अमेरिकन कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम पावडरीइतकी, म्हणजे किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली. तुरुंगात गेले ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय. २०१० मध्ये हे शंभरास एक प्रमाण अठरास एकवर आलं, पण क्रॅक म्हणजे "त्या वस्त्यांतली" गोष्ट ही प्रतिमा राहिली ती राहिलीच. भाऊ कोकेन घेतो हे नीताने पचवलं होतं. तो क्रॅक ओढतो हे मान्य करायला तिला आणखी पाच महिने लागले.

अडचण कशी समोर आली

नीताच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो अंगठा. कुकच्या हाताला भाजल्याचे डाग नवीन नाहीत. पण तव्याने मनगट भाजतं, ओव्हनच्या दाराने कोपर. सुहासच्या उजव्या अंगठ्याचं पेर काळवंडून टणक झालं होतं. काचेच्या नळीखाली लायटर धरून धरून होतं तसं. त्याच्या सिंकखाली तांब्याच्या तारेच्या घासण्यांचं पाकीट होतं, आणि त्यातल्या दोन घासण्या कात्रीने कापलेल्या. तारेचा तो बोळा नळीत जाळी म्हणून बसवतात. लॅबमध्ये काम करणारी बाई, तिने घरी येऊन शोधलं आणि तिला कळलं.

तोपर्यंत तिने त्याचं भाडं तीनदा भरलं होतं. एकदा गाडीच्या ट्रान्समिशनसाठी पैसे दिले. गाडी त्याने आधीच विकली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोकरी गेली. मार्चमध्ये एका पहाटे तीनला त्याचा फोन आला, दाराबाहेर कोणीतरी उभं आहे, आवाज करू नकोस. कोणी नव्हतं. दोन रात्री न झोपता क्रॅक ओढलेल्या माणसाला असे भास होतात, कातडीखाली किडे वळवळतात असंही वाटतं. त्याच आठवड्यात छातीत कळा आल्या म्हणून ती त्याला इमर्जन्सीत घेऊन गेली.

ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या नीट आल्या. त्याने डॉक्टरला सगळं सांगितलं, दारूसकट. ही दारू इथे महत्त्वाची आहे. दारू आणि कोकेन एकत्र गेले की यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच द्रव्य तयार होतं, ते जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला अधिक घातक असतं. सुहास क्रॅककडे वळायचा तो जवळपास दर वेळी दोन-तीन पेगनंतर. काही तासांनी त्याला घरी सोडलं, हातात उपचार केंद्रांच्या फोन नंबरांचा एक छापील कागद देऊन. तो कागद नीताच्या गाडीच्या डॅशबोर्डवर तीन आठवडे पडून होता.

समोरचे पर्याय

वडिलांचं मत स्पष्ट होतं: त्याला सांगलीला आणायचं आणि केंद्रात घालायचं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे हे त्यांना माहीत होतं, पण नातेवाइकांनी सुचवलं होतं ते दुसरंच कुठलं तरी केंद्र, जिथे "सहा महिने बाहेर सोडत नाहीत". तो यायला तयार होणार नाही म्हणून आई आजारी असल्याचं सांगायचं ठरत होतं.

या बेतावर नीताचा आठवडा गेला. तिने इमिग्रेशनच्या वकिलाला फी भरून विचारलं, आणि हा खर्च मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च वाटतो. वकिलाने सांगितलं की ग्रीन कार्डवाला सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिला तर परत येताना त्याची नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते, आणि अमली पदार्थांचं व्यसन हे त्या तपासणीत प्रवेश नाकारायचं कारण ठरू शकतं. म्हणजे सहा महिन्यांच्या कोंडीची किंमत मुलीपासूनची कायमची ताटातूट असू शकली असती. भारताच्या बाजूनेही गोष्ट सोपी नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था येतात, आणि त्यात सज्ञान माणसाला नातेवाइकांच्या शब्दावर महिनोन्महिने डांबून ठेवता येत नाही. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, खोटं बोलून आणलेला माणूस बाहेर पडल्यावर पहिला फोन कोणाला करेल, हा प्रश्न उरतोच.

दुसरा पर्याय खासगी निवासी केंद्राचा. नीताने इंटरनेटवर शोधून एका "हेल्पलाइन"ला फोन केला. पलीकडच्या माणसाने व्यसनाबद्दल विचारायच्या आधी विम्याबद्दल विचारलं. विमा नाही म्हटल्यावर तीस दिवसांचे तीस हजार डॉलर सांगितले आणि आजच्या आज आगाऊ रक्कम मागितली. अशा बऱ्याच हेल्पलाइन दलालांच्या असतात आणि रुग्णामागे केंद्राकडून कमिशन घेतात. कॅलिफोर्नियात हा धंदा कुप्रसिद्ध आहे. वडील दोन एकर विकायला निघाले होते. निवासी उपचार वाईट असं मला म्हणायचं नाही. बेघर माणसाला किंवा घरातच नशा चालते अशाला तेच लागतात. पण सुहासला घर होतं, आणि तीस दिवसांनी तो त्याच रात्री साडेअकराच्या जगात परतणार होता.

तिसरी आशा औषधाची. हेरॉइन आणि फेंटॅनिल या अफूजन्य नशांच्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मिळतं हे नीता रोज पाहत होती, तेव्हा कोकेनलाही काही असेलच असं तिने धरलं होतं. नाही. अनेक औषधांच्या चाचण्या झाल्या, पण कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेलं एकही औषध आजवर नाही.

चौथा सल्ला तिच्या एका सहकारिणीचा: संबंध तोड, तळ गाठला की आपोआप सुधारेल. हा सल्ला लोक फार सहज देतात. बाजारातल्या कोकेनमध्ये फेंटॅनिल मिसळलेलं सापडतं, आणि अफूजन्य पदार्थांची सवय नसलेल्या माणसाचा जीव घ्यायला त्याची चिमूटही पुरते. अशा बाजारात तळ गाठायला सोडलेला माणूस तळाशीच राहू शकतो.

काय केलं

नीता माझ्याकडे आली ती एप्रिलमध्ये, "त्याला कसं तयार करू" हा प्रश्न घेऊन. आम्ही क्राफ्ट या पद्धतीने काम केलं. यात नातेवाइकाला शिकवलं जातं, रुग्णाला नाही: तो शुद्धीत असेल तेव्हा सोबत हवीशी कर, नशेत असेल तेव्हा भांडण न करता बाजूला हो, नशेचे परिणाम त्याच्या वतीने निस्तरू नकोस, आणि उपचाराचा दरवाजा आधीच उघडून ठेव. अभ्यासांमध्ये या पद्धतीने सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांना आपला माणूस उपचारापर्यंत आणता आला आहे.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात नीताला सर्वांत जड गेलं ते उठून निघून येणं. रविवारी ती भाकरी आणि पिठलं घेऊन जायची. तो नीट असेल तर दोघं जेवायची, क्रिकेट बघायची, व्यसनाचा विषय नाही. तो उतरतीवर असेल तर डबा ठेवून म्हणायची, "आज तू बरा नाहीस, मी उद्या फोन करते." रोख पैसे बंद केले. एकदा भाडं थकलं तेव्हा घरमालकाशी सुहासनेच बोलावं यावर ती ठाम राहिली, आणि त्या रात्री मला तिचे चार फोन आले.

त्याचबरोबर तिने नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे घेतला. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. कोकेनवर तो चालत नाही, पण फेंटॅनिलने श्वास थांबत असेल तर जीव वाचवतो. एक स्प्रे स्वतःच्या पर्समध्ये, एक त्याच्या फ्रिजवर. सुहासला यात आपल्या नशेला परवानगी दिसली का? तो म्हणाला, "ताई, म्हणजे तुला वाटतंय मी मरेन." मग बराच वेळ गप्प बसला.

दरवाजा उघडून ठेवण्याचं काम कागदपत्रांचं होतं. दलालांना वगळून तिने सॅम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्य पाहणाऱ्या संघीय सरकारी संस्थेची मोफत हेल्पलाइन, १-८००-६६२-४३५७, वापरली. तिथून काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा नंबर मिळाला. सुहासचं उत्पन्न शून्यावर आलं होतं, त्यामुळे तो मेडी-कॅल या राज्याच्या मोफत विम्याला पात्र होता. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड जाईल ही भीती आपल्याकडे घरोघर आहे. वकिलाने ती काढून टाकली: कार्ड आधीच हातात आहे आणि ही वैद्यकीय मदत आहे, त्या वेळच्या नियमांत ती आड येत नव्हती. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना वेगळं संघीय संरक्षण आहे, त्या रुग्णाच्या संमतीशिवाय सहसा बाहेर जात नाहीत, हेही तिथेच कळलं. अर्ज मंजूर व्हायला पाचेक आठवडे गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या आईने भेटी थांबवल्या. सुहास त्या संध्याकाळी नीताच्या दारात आला आणि म्हणाला, "काय करू सांग." तिने भाषण दिलं नाही. नंबर फिरवून फोन त्याच्या हातात दिला. तीन दिवसांनी त्याची पहिली मुलाखत झाली. निदानाच्या अकरा निकषांपैकी सहा जुळले की व्यसन तीव्र समजतात, त्याचे नऊ जुळले.

उपचार दोन पदरी होते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी तीन तास समूह आणि वैयक्तिक समुपदेशन. त्यात त्याच्या तलफेचा माग काढला: पगाराचा शुक्रवार, साडेअकराची वेळ, बार, पहिला पेग, एक ठरावीक फोन नंबर. या साखळीतली तोडायला सोपी कडी दारूची निघाली, कारण दारूसाठी नाल्ट्रेक्सोन हे मान्यता असलेलं औषध आहे. डॉक्टरांनी ते सुरू केलं.

दुसरा पदर बक्षिसांचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांवर दाखवून दिलं की लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस दिल्याने माणसं उपचारात टिकतात आणि नशेपासून जास्त काळ लांब राहतात. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत ही पद्धत २०११ पासून आहे. सर्वसामान्य गरीब रुग्णांसाठी ती आपल्या विम्यात आणणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, २०२३ मध्ये. हिशोब असा: पहिले बारा आठवडे आठवड्यातून दोन तपासण्या. स्वच्छ तपासणीला १० डॉलरचं गिफ्ट कार्ड, दोन्ही स्वच्छ आल्या तर पुढच्या आठवड्यात दीड डॉलरची वाढ, अशी २६.५० पर्यंत. नंतरचे बारा आठवडे एकेक तपासणी. एकही न चुकता सगळं झालं तर ५९९ डॉलर. कार्डावर दारू, तंबाखू घेता येत नाही. आठवड्यातून दोनदा का, तर कोकेनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस सापडतो. मधली फट जवळजवळ उरत नाही. निकाल काही मिनिटांत, तिथेच.

वडिलांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. "मॅडम, न ओढण्याचे पैसे? मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं की कर्तव्याचं बक्षीस मागायचं नसतं."

मी म्हटलं, "काका, पहिल्या नंबराला तुम्ही कंपासपेटी देत होतात ना?"

"ती स्पर्धा होती. हे कर्तव्य आहे."

त्यांना मी सांगितलं की खडा दहा सेकंदांत मोबदला देतो आणि मुलीचं प्रेम, नोकरी, तब्येत यांचा मोबदला मिळायला सहा महिने लागतात. तोवर मंगळवारी आणि शुक्रवारी हातात पडेल असं काहीतरी लागतं. ते "बघू" म्हणाले. त्यांना पूर्ण पटलं असं मला आजही वाटत नाही. मात्र दोन एकर विकायचं त्यांनी थांबवलं.

सुहासने पहिल्या कार्डातून मोजे घेतले. पुढची कार्डं साठवून किचनमध्ये घालायचे न घसरणारे बूट.

निष्पत्ती

सातव्या आठवड्यात तो घसरला. जुन्या मालकाने राहिलेला पगार शुक्रवारी दिला, आणि त्या दिवशी त्याने नाल्ट्रेक्सोनची गोळी घेतली नव्हती. मंगळवारच्या तपासणीत कोकेनचा अंश सापडला. कोणी ओरडलं नाही, कार्ड मिळालं नाही, आणि पुढची रक्कम १० डॉलरवर आली. दोन स्वच्छ तपासण्यांनंतर ती पूर्वीच्या पायरीवर परत जाते असा नियम आहे. सुहास म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदाच चूक केल्यावर परत यायचा रस्ता लिहून दिलेला होता. नंतर आणखी एका तपासणीत अंश सापडला आणि दोन गैरहजेऱ्या झाल्या. दिवाळी या काळातच आली. नीताने घरी फराळाला बोलावलेल्या मित्रांना यंदा दारू नाही असं आधीच कळवलं, आणि त्यातली दोन कुटुंबं आली नाहीत. चोवीस आठवडे नोव्हेंबरअखेर संपले, चारशे डॉलरच्या वर कार्डं जमली.

जानेवारी २०२५ मध्ये दोन दिवसांची मोठी घसरण झाली. कार्डं संपली होती, समूहाचे तास आठवड्याला एकावर आले होते. या वेळी फोन त्याने स्वतः केला, आधी केंद्राला, मग ताईला. त्यानंतर मी हे लिहीपर्यंतच्या तपासण्या स्वच्छ आहेत. तो आता एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये सकाळच्या पाळीला आहे. पगार कमी आहे, जेवण बेचव आहे असं तो स्वतःच सांगतो. मुलीच्या भेटी महिन्यातून दोनदा, आईच्या उपस्थितीत. भाड्याचे पैसे नीताला परत मिळालेले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

मार्चमधली इमर्जन्सीची रात्र ही हुकलेली सर्वांत मोठी संधी. घाबरलेला, खरं बोलणारा माणूस समोर होता आणि त्याला मिळाला एक कागद. तिथेच कोणी फोन लावून वेळ ठरवून दिली असती तर अडीच महिने वाचले असते. कुटुंबाच्या हातात असलेली गोष्ट एवढीच की अशा वेळी घरी जाण्याआधी सोशल वर्कर मागावा. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत तो असतो, मागितल्याशिवाय येत नाही.

दारूकडे सगळ्यांचं लक्ष उशिरा गेलं. क्रॅक एवढं भयंकर वाटत होतं की शेजारची बिअर कोणाला दिसली नाही, आणि ती घरात सभ्य समजली जात होती.

पंचविसाव्या आठवड्याचं नियोजन कुठेच नव्हतं. कार्यक्रम संपायच्या महिनाभर आधीपासून तपासण्या स्वखर्चाने चालू ठेवणं, स्वमदत गटात जाणं, नवी नोकरी मिळवणं, यातलं काहीतरी बसलेलं असायला हवं होतं. कोकेन अॅनॉनिमसच्या सभांना तो जानेवारीनंतर जायला लागला. त्या आधी "तिथे देवाचं बोलतात" म्हणून त्याने टाळलं होतं.

भारतात नेण्याच्या पर्यायाबद्दल मी अजूनही पूर्ण विरोधात नाही. तीन आठवड्यांची भेट, त्याच्या संमतीने, परतीचं तिकीट हातात ठेवून, ही वेगळी गोष्ट आहे. ती त्याला हवी आहे आणि येत्या हिवाळ्यात ठरते आहे. त्यासाठी नीताने सांगलीतल्या घराजवळचा मानसोपचारतज्ज्ञ शोधून ठेवला आहे, नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असेल, आणि भारतातली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४४६, तिने वडिलांच्या फोनमध्ये भरायला सांगितली आहे. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं की चुलत्यांना काय सांगायचं. सुहासचं म्हणणं, जे आहे ते. यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.